घड्याळाला ‘डायरेक्ट’ सप्लाय देऊ नका

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचं घड्याळ बंद पडलं की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘मोबाइल आहे की, कशाला त्याच्या नादी लागता?’ हा पहिला. ‘पार्ट आता मिळत नाही, डायरेक्ट करून देतो,’ हा दुसरा. पहिला ऐकला तर फार तर घड्याळ अंधारात राहतं. दुसऱ्याने गाडी पेटू शकते. माझ्या गाडीत गोष्ट वायर वितळण्यापर्यंत येऊन थांबली, म्हणून हे लिहायला घेतलं.

गाडी वडिलांची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची सेदान, अजून इंजिनाला खोट नाही. पुण्यात रोजच्या धावपळीला दुचाकी, ही गाडी बहुतेक रविवारीच बाहेर निघते. घड्याळ आधी खड्ड्यातून जाताना लुकलुकायचं, गाडी उन्हात उभी राहिली की विझायचं आणि संध्याकाळी गारव्याला परत यायचं. शेवटी कायमचं गेलं. सर्व्हिसिंगच्या वेळी इलेक्ट्रिशियन म्हणाला, “ताई, आत सप्लायच येत नाही. डायरेक्ट देतो, काळजी करू नका.” संध्याकाळी घड्याळ झगझगीत चालू होतं. किल्ली काढली तरी चालूच. विचारलं तर म्हणाला, “असून असून किती बॅटरी खाणार ते?”

हिशेब करण्यासारखा आहे. नंतर मीटर लावला तेव्हा पेटलेलं घड्याळ 150 मिलिअँपिअरच्या आसपास ओढत होतं. बॅटरी 35 अँपिअर-अवरची. म्हणजे भरलेली नवीकोरी बॅटरीसुद्धा दहा दिवसांच्या आत रिकामी, आणि स्टार्टर फिरेनासा व्हायला ती पूर्ण रिकामी व्हावी लागत नाही. जुन्या बॅटरीची ताकद मुळातच कमी झालेली असते. आठवड्याने किल्ली फिरवली की नुसती ‘कट्’, हे ठरलेलंच होतं.

बॅटरीचं मात्र चार्जिंगवर भागलं. खरी भीती वाटली ती स्टिअरिंगखालचं पॅनल काढल्यावर. एक बारीक लाल वायर, मध्ये कुठेही फ्यूज नाही, थेट कायमच्या सप्लायवरून ओढलेली. जोडावरची काळी टेप उन्हाने पाघळून चिकट झालेली. पत्र्याच्या पट्टीच्या धारेवर वायर घासून आवरण सोललं होतं, आतलं तांबं दिसत होतं आणि शेजारचं प्लास्टिक तपकिरी पडून सुरकुतलं होतं. कारची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर देते. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि विषय संपला असता. फ्यूज नसेल तर ती वायरच हीटरची कॉइल होते. घड्याळासाठी कुणी एवढा धोका पत्करू नये.

आता मुळात बिघाड काय होता ते सांगते, कारण तुमच्याही गाडीत तो तसाच असण्याची शक्यता बरीच आहे.

अशा डिजिटल घड्याळाला सहसा चार वायरी येतात. एक कायम चालू, वेळ लक्षात ठेवण्यासाठी. दुसरी किल्ली फिरवल्यावर येणारी, आकडे पेटवण्यासाठी. तिसरी हेडलाइटच्या बटणाची. दिवे लावले की ती आकडे मंद करते. (दिवसा दिवे लावून गाडी चालवणारे कित्येक जण या मंद आकड्यांनाच बिघाड समजतात.) चौथी अर्थिंगची. ‘डायरेक्ट’ करणारा पहिल्या दोन वायरी एक करून टाकतो, म्हणून किल्ली काढल्यावरही आकडे विझत नाहीत.

वेळ मोजणारा भाग सहसा बिघडत नाही. आत क्वार्ट्झचा स्फटिक असतो. गाड्यांच्या घड्याळात बहुधा सेकंदाला 41,94,304 कंपनांचा. ही संख्या बावीस वेळा निम्मी केली की सेकंदाला एक ठोका उरतो. तो वर्षानुवर्षं इमानाने चालतो. गोम असते ती सोल्डरमध्ये. हिरव्या-निळ्या आकड्यांच्या डिस्प्लेला आणि आतल्या चिपला थेट बारा व्होल्ट चालत नाहीत, म्हणून जास्तीचा दाब एक-दोन जाड रेझिस्टर स्वतःवर घेतात आणि तापतात. किल्ली फिरवली की गरम, काढली की गार. वरून एप्रिल-मेचं ऊन. उघड्यावर उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या घरात जातो. वीस-पंचवीस वर्षं असं फुगणं-आकसणं चाललं की रेझिस्टरच्या पायाशी सोल्डरला चीर पडते. बंद घड्याळ टिचकी मारल्यावर जागं होत असेल तर रोग हाच समजा.

पण घड्याळ काढण्याआधी बॅटरी तपासा. गाडी सुरू करताना दर वेळी घड्याळ एक किंवा बारावर जात असेल, तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार पडतंय किंवा कायमची वायर तुटली आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. मग फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत घड्याळाची कायमची वायर आणि छतावरचा दिवा एकाच फ्यूजवर असतात. तो दिवाही बंद असेल तर निम्मं निदान झालं. फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा घाला: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. दहाच्या जागी वीस घालणं आणि डायरेक्ट वायर ओढणं, यात फारसा फरक नाही.

घड्याळ काढताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. त्याआधी म्युझिक सिस्टिमला कोड लागतो का ते पाहून ठेवा, नाहीतर ती कुलूपबंद होईल. एअरबॅगची गाडी असेल तर टर्मिनल काढल्यावर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कनेक्टरांना अजिबात हात लावू नका. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की क्लिप तुटतेच. जुनं एटीएम कार्ड टेप गुंडाळून वापरा. घड्याळ बाहेर आल्यावर टर्मिनल परत लावून कनेक्टरच्या पिना मीटरने तपासा: किल्लीशिवाय एका पिनेवर बारा व्होल्ट, किल्लीवर दुसरीवर, दिवे लावल्यावर तिसरीवर, आणि चौथीचा बॉडीशी संपर्क. चारही ठीक असतील तर दोष घड्याळात आहे, गाडीची वायरिंग कापण्याचं काहीही कारण नाही. माझ्या गाडीत चारही ठीक होत्या. ‘सप्लाय येत नाही’ हे निदान मीटर न लावताच झालं होतं; डायरेक्ट केल्यावर घड्याळ पेटलं ते बहुधा काढघालीत हललं म्हणून.

पुढचं काम आमच्या ओळखीच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी केलं. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरून मला दाखवला: रेझिस्टरच्या पायाभोवती काळपट, गोल, केसाएवढी रेघ. पाय हलवला की रेघेच्या आत तो डुगडुगायचा. त्यांनी जुना सोल्डर शोषून काढला, पाय खरवडून स्वच्छ केला, फ्लक्स लावून पंचवीस वॅटच्या आयर्नने नवा सोल्डर भरला. रेझिस्टर काळवंडलेला होता म्हणून तेवढ्याच ओहमचा आणि तेवढ्याच वॅटचा दुसरा आणायला सांगितला. तपकीर गल्लीत तो किरकोळ पैशात मिळाला. बसवताना काकांनी तो बोर्डाला टेकू दिला नाही, जरा उंच ठेवला, म्हणजे खालून हवा लागते.

डिस्प्लेची काच मात्र जपा. आत निर्वात पोकळी असते आणि बाजूला काचेचं छोटं टोक. ते तुटलं की डिस्प्ले गेला. काचेच्या आत चंदेरी डाग असतो, तो दुधी पांढरा झाला असेल तर हवा शिरली आहे, मग सोल्डरचा उपयोग नाही. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे दुसरं घड्याळ घेताना आधी हा डाग बघा, नंतर पिनांची संख्या आणि कनेक्टर जुळवा.

आयर्न हातात धरायची सवय नसेल तर गाडी गॅरेजला नेऊ नका, सोडवलेलं घड्याळ तेवढं टीव्हीवाल्याकडे न्या. सोबत कागदावर कुठल्या पिनेवर कधी बारा व्होल्ट येतात ते लिहून द्या. म्हणजे तो टेबलावरच सप्लाय लावून घड्याळ तासभर तापवून बघू शकेल. तापल्यावर टिकलं, तरच ते परत डॅशबोर्डमध्ये बसवायचं.