अत्तर शुद्ध असले, तरी निर्धोक असतेच असे नाही

मानेवर, कानामागे किंवा काखेत खाज सुटून पुरळ आलेला रुग्ण समोर बसला, की मी एक प्रश्न हमखास विचारतो, "अत्तर, सेंट काही लावता का?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "लावतो. पण डॉक्टर, ते फुलांचे शुद्ध अत्तर आहे. दहा वर्षे लावतो आहे. त्याने कसे होईल?" या उत्तरात दोन गैरसमज आहेत. ते समजण्यासाठी सुगंध कशापासून बनतो, हे आधी पाहू.

उत्तर प्रदेशातील कनौज हे अत्तराचे जुने गाव. तेथे तांब्याच्या डेगमध्ये फुले व पाणी घालून खाली मंद जाळ करतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपक्यात पूर्वापार चंदनाचे तेल असे. चंदन महागल्यावर त्याऐवजी द्रव पॅराफिनही वापरले जाऊ लागले. सेंटमध्ये मात्र मुख्य भाग अल्कोहोलचा असतो.

सुगंधाचा कच्चा माल दोन प्रकारचा. पहिला वनस्पतींचा : गुलाब, मोगरा, वाळ्याची मुळे, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, आपल्या खानदेशात ओळखीचे असलेले रोशा गवत. परदेशी सेंटमध्ये मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतील 'ओकमॉस'चा अर्कही वापरला जातो. दुसरा प्रकार प्रयोगशाळेतला. १८६८ मध्ये विल्यम पर्किन यांनी कूमारिन हे सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले आणि या प्रकाराला चालना मिळाली.

आता पहिला गैरसमज. लवंगेत युजेनॉल, दालचिनीत सिनॅमल, गुलाबात व रोशा तेलात जिरॅनिऑल, गवती चहात सिट्रल असते. ही सर्व रसायनेच आहेत आणि प्रत्येकाचे काहींच्या त्वचेला वावडे असते. रेणू फुलातून आला की कारखान्यातून, हे त्वचेला कळत नाही. युरोपीय संघाने २००३ मध्ये असे २६ सुगंधी घटक ठराविक प्रमाणाबाहेर असल्यास वेष्टनावर छापण्याचा नियम केला. त्यांतील बरेचसे वनस्पतींत आढळणारेच आहेत. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या वर गेली.

दुसरा गैरसमज 'दहा वर्षे लावतो'. वावडे जन्मतःच असते असे नाही. वारंवार संपर्काने शरीर एखाद्या द्रव्याला 'शत्रू' मानू लागते. हे पहिल्या महिन्यात घडेल किंवा अनेक वर्षांनी. शिवाय पुरळ सहसा एक ते तीन दिवसांनी उठते, म्हणून सोमवारच्या अत्तराचा दोष बुधवारच्या भाजीवर जातो! संत्र्याच्या सालीतील लिमोनिनसारखी द्रव्ये हवेच्या संपर्काने बदलतात व अधिक त्रासदायक होतात. त्यामुळे जुनी, अर्धवट बाटली जास्त संशयास्पद.

काही लिंबूवर्गीय तेलांचा, विशेषतः इटलीतील बर्गमॉटच्या तेलाचा, आणखी एक धोका आहे. ते लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते व मागे काळपट पट्टे राहतात. यावर उपाय म्हणून तेलातील दोषी द्रव्य काढून टाकता येते.

मग काय करावे?

१) अत्तर त्वचेऐवजी रुमालाला किंवा वरच्या कपड्याला लावावे. कानात फाया ठेवणे टाळावे.

२) नवे अत्तर किंवा सेंट कोपराच्या आतील बाजूस थोडेसे, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहावे. खाज आली तर लगेच थांबवावे. लवंग, दालचिनी यांची तेले मात्र निव्वळ कधीच लावू नयेत.

३) दाढी केल्यावर, जखमेवर, इसबावर आणि तान्ह्या बाळाला अत्तर लावू नये. दम्याच्या रुग्णाजवळ सेंट फवारू नये.

४) पुरळ आल्यास सुगंधी साबण, पावडर, केसांचे तेल हे सर्व थांबवावे. 'बिनवासाचा' एवढ्यावर विसंबू नये. मूळ वास झाकण्यासाठीही सुगंध घातलेला असू शकतो.

५) दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे मलम आणू नये. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण कारण तसेच राहते आणि त्वचा पातळ होते.

त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडून 'पॅच टेस्ट' करून घ्यावी. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या दोन दिवस ठेवतात व त्यानंतर एक-दोनदा तपासतात. जाताना वापरातील सर्व बाटल्या व वेष्टने बरोबर न्यावीत. नेमके कोणते द्रव्य बाधते हे कळले, की तेवढेच टाळता येते. सगळेच सुगंध सोडण्याची वेळ सहसा येत नाही.