स्टॉकिंगखाली लपवलेला गुडघा

गेल्या जूनमधली गोष्ट. सकाळी सव्वासहाला मुली मैदानाला फेऱ्या मारत होत्या आणि माझ्या बॅचमधली सतरा वर्षांची एक पोरगी डावीकडं वळताना पाय चोरत होती. अगदी अर्धं पाऊल. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. मला दिसलं, कारण तसाच पाय मी सात आठवडे चोरला होता.

तिला बाजूला घेतलं. "गुडघ्याला काय झालंय?"

"काय नाही, ताई."

स्टॉकिंग खाली करायला लावलं. आत क्रेप बँडेज, घट्ट दोन पदरी, आणि त्याखाली गुडघ्याची वाटी सुजेत बुडालेली. ती रडायला लागली. दुखत होतं म्हणून नाही, आठ दिवसांवर एका क्लबची ट्रायल होती म्हणून.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून तिला जे सांगितलं, ते तिच्यासारख्या इतर मुलींनी आणि मुख्य म्हणजे त्यांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून इथं लिहिते आहे.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या संघांच्या फुटबॉल मॅचेस बघत मोठी झालेली. वडील शिरोलीला फौंड्रीत कामाला होते, साप्ताहिक सुट्टीला मला खांद्यावर बसवून न्यायचे. मुलींनी खेळायचं असतं हे तिथं कुणी सांगितलं नव्हतं, पण खेळू नये असंही घरात कुणी म्हटलं नाही. शाळेच्या संघातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य, आणि २०१९ च्या मे महिन्यात लुधियानाला इंडियन वुमन्स लीग. मी एकवीस वर्षांची होते. तेव्हा सगळे संघ एकाच गावात जमायचे आणि दर दोन-तीन दिवसांनी मॅच असायची. पंजाबातल्या त्या उन्हात हाफटाइमला डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून आम्ही परत आत जायचो.

माझी जागा मधल्या फळीत, बचावाच्या पुढं, सहा नंबरची. या जागेवरची खेळाडू एका मॅचमध्ये दहा किलोमीटरच्या आसपास धावते, पण खरा कस लागतो तो थांबण्यात आणि वळण्यात. पास येण्याआधी एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघायचं, एकदा डाव्या, आणि बॉल पायाशी येईपर्यंत कुठं वळायचं हे ठरलेलं असलं पाहिजे. पूर्ण वेगातून एका पावलात थांबा, अंग फिरवा, परत धावा, असं नव्वद मिनिटं. या प्रत्येक वळणाचा भार गुडघ्यावर येतो.

पुढच्या वर्षी बेंगळुरूला खेळले. मग कोविड आला आणि २०२०-२१ चा सीझन झालाच नाही. दीड वर्ष गच्चीवर दोरीच्या उड्या आणि जिन्याच्या पायऱ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये कॅम्प लागला तेव्हा पहिल्याच दिवसापासून सकाळ-संध्याकाळ सराव सुरू झाला. इतक्या मोठ्या खंडानंतर भार हळूहळू चढवायला हवा, हे आज मी माझ्या बॅचला पहिल्या दिवशी सांगते. तेव्हा मला एकच भीती होती, की आपण मागं पडू.

दुसऱ्या आठवड्यात हेडर मारून खाली उतरताना डावा गुडघा आतल्या बाजूला सरकला. दुखलं फारसं नाही. संध्याकाळी मात्र सूज आली. मेसमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ मागून आणला, रूममेटला शपथ घातली आणि दुसऱ्या दिवशी बँडेजवर स्टॉकिंग ओढून मैदानावर गेले. पुढच्या सात आठवड्यांत गुडघा तीनदा तसाच सरकला. एकदा तर मैदानावरही नाही, बसमधून उतरताना.

ऑक्टोबरच्या शेवटी सरावाची मॅच होती. राइट बॅककडून पास आला. मी मागं बघितलं, डावीकडून एक मुलगी दाबत येत होती, म्हणून उजवीकडं वळायचं ठरवलं. डावं पाऊल जमिनीत रुतलं, अंग फिरलं, गुडघा तिथंच राहिला. ओली फांदी मोडावी तसा आवाज मी स्वतः ऐकला. माझ्या दोन हातांच्या परिसरात कुणी नव्हतं. गुडघ्यातला हा लिगामेंट, ज्याला मैदानावर सगळे एसीएल म्हणतात, बहुतेक वेळा असाच जातो, कुणी न धडकता. आणि मुलींमध्ये त्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून अधिक असतं.

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, लिगामेंट पूर्ण तुटलाय आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलीय. "पहिल्यांदा सरकला तेव्हाच आली असतीस तर ही गादी बहुतेक वाचली असती." हे वाक्य मी आजही विसरले नाही. लिगामेंट नवा बसवता येतो. गादीचा जो तुकडा काढावा लागला, तो गेला तो गेलाच. लिगामेंटवर माझा इलाज नव्हता कदाचित, पण ती गादी मी सात आठवड्यांत स्वतःच्या हातानं घालवली.

ऑपरेशनचा खर्च दोन लाखांच्या घरात गेला. क्लबबरोबर माझा करार होता, चार महिन्यांचा, महिना पंधरा हजारांचा. त्यावर सही मी बसमध्ये केली होती, मांडीवर फाईल ठेवून, मागं दहा मुली रांगेत उभ्या असताना. दोन पानं होती. वाचली नाहीत, प्रतही मागितली नाही. वडिलांनी विचारलं, "कागदात उपचाराचं काय लिहिलंय?" माझ्याकडं दाखवायला कागदच नव्हता. फोन केले, तिकडून गोड बोलणं झालं, मग फोन उचलणं कमी झालं. शेवटी वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. फौंड्रीतल्या पगारातून तो हप्ता तीन वर्षं कापला जात होता.

जानेवारी २०२२ मध्ये आशिया कप महाराष्ट्रातच झाला, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याला. भारत-इराण मॅच मी पायाखाली उशी घेऊन टीव्हीवर पाहिली. ० - ० बरोबरी. तीनच दिवसांनी संघात कोविड पसरला, चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरवण्याइतक्या खेळाडू उरल्या नाहीत आणि घरच्या मैदानावर भारताला स्पर्धेबाहेर जावं लागलं. मी त्या संघात कधीच नव्हते, तरी त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि त्याच रात्री ठरवलं, की एप्रिलमधल्या लीगला उभं राहायचं.

तो निर्णय माझा होता, कुणी जबरदस्ती केली नव्हती. एका नव्या क्लबकडून फोन आला, "फिट आहेस ना?" मी "हो" म्हणाले. ऑपरेशनला साडेपाच महिने झाले होते. सरळ धावता येत होतं, सूज नव्हती, मला वाटलं झालं. डाव्या मांडीचा घेर उजवीपेक्षा दोन बोटं कमी होता, तो रोज आंघोळीच्या वेळी दिसायचा आणि मी नजर काढून घ्यायचे. मे महिन्यात, सरावात, तोच गुडघा पुन्हा गेला.

जुलैमध्ये दुसऱ्या ऑपरेशननंतर मी पडून होते तेव्हा बातमी आली, की अलेक्सिया पुतेयासचा एसीएल युरो स्पर्धेच्या तोंडावर सरावात तुटला. माझ्यासारखीच मधल्या फळीतली, आणि आदल्या वर्षीची बॅलन डी'ओर विजेती. ती मैदानावर परतली ती एप्रिल २०२३ च्या अखेरीस. म्हणजे जवळपास दहा महिन्यांनी. तिच्यामागं बार्सिलोनासारखा क्लब, हवे ते डॉक्टर, हवे ते फिजिओ, आणि तिनं दहा महिने घेतले. मी घरच्या खाटेवर, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून व्यायाम करणारी, साडेपाच महिन्यांत उभी राहिले होते.

तेव्हा मी वाचायला सुरुवात केली. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डेलावेअरमधल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. परतण्याचा दिवस नवव्या महिन्यापर्यंत जितका पुढं ढकलला, तितका दर महिन्यामागं पुन्हा दुखापत होण्याचा दर सुमारे निम्म्यानं घटला. नऊ महिन्यांनंतर तो फायदा पुढं वाढला नाही. म्हणून पोरींनो, नऊच्या आधी कुणी मैदानावर बोलावलं, आणि बोलावणारी तुम्ही स्वतः असलात तरी, जायचं नाही. आणि नऊ महिने भरले म्हणजे पास झालो असंही नाही. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के भरली पाहिजे, आणि ती मशिनवर किंवा फिजिओसमोर एका पायावर उड्या मारून मोजून घ्यायची. आरशात बघून नाही, आणि फोनवर विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही.

गुडघा "सरकला" हा शब्द तोंडून निघाला की त्याच दिवशी सांगायचं. मार लागून दुखणं वेगळं, ते दोन दिवसांत उतरतं. पण वळताना गुडघा आपला न राहणं आणि काही तासांत सूज येणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ऑर्थोपेडिककडं, शक्यतो खेळाडूंचे गुडघे बघणाऱ्या डॉक्टरकडं, जायचं. ट्रायल चुकेल. चुकू दे.

दुखापत होण्याआधीचं सांगायचं तर फिफानं अकरा प्लस नावाचा वॉर्मअप तयार केलाय. वीस मिनिटं लागतात, साहित्य म्हणजे एक बॉल. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींवर त्याचा मोठा प्रयोग झाला, २००८ मध्ये निष्कर्ष आले, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या. त्यातला एक व्यायाम माझ्या मुलींना अजिबात आवडत नाही. गुडघ्यांवर ताठ उभं राहायचं, मागून मैत्रिणीनं दोन्ही घोटे जमिनीशी दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता अंग इंचाइंचानं पुढं सोडायचं. मांडीची मागची बाजू पेटते. पहिल्या आठवड्यात सगळ्या धप्पकन पडतात, दुसऱ्या महिन्यात अर्ध्यापर्यंत स्वतःला धरून ठेवतात. उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडं झुकतात का हे मी मोबाईलवर व्हिडिओ काढून त्यांना दाखवते. तो झुकणारा गुडघा बघितला की मला माझा सप्टेंबर आठवतो.

आणखी एक, जे मुली आईलाही सांगत नाहीत. त्या कॅम्पच्या आधी माझी पाळी चार महिने आली नव्हती. मला बरंच वाटलं होतं, सरावाला अडचण नाही म्हणून. हिमोग्लोबिन नऊ होतं. सरावात जेवढं जाळतो तेवढं पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं आणि स्नायूंची दुरुस्ती. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नावच दिलं. तीन महिने पाळी चुकली की डॉक्टर. सकाळी चहा-बिस्किटावर सराव करायचा नाही. तालमीतला पैलवान खुराकाशिवाय मातीत उतरत नाही हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं, मग मुलीच्या डब्यात दोनच चपात्या का?

आता कागद. लिखित करार असेल आणि खर्चापेक्षा जास्त पैसे मिळत असतील, तर फिफाच्या नियमानं तुम्ही व्यावसायिक खेळाडू आहात, मग रक्कम पंधरा हजार असो की पंधरा लाख. तेच नियम सांगतात, की वैद्यकीय तपासणीत पास झालात तरच करार लागू, अशी अट घालता येत नाही. दोन महिन्यांचे पगार थकले, तर क्लबला लेखी कळवून निदान पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरी पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. गरोदरपणाची निदान चौदा आठवड्यांची पगारी रजा २०२१ पासून नियमात आहे. देशातल्या क्लबविरुद्धची तक्रार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीकडं जाते. पण तिथं जायला हातात कागद लागतो. फोनवर बोललेलं कुठंच राहत नाही. जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलनं लिहून पाठवायचं.

सही करण्याआधी मी तीन गोष्टी शोधते. दुखापत झाली तर ऑपरेशनचा खर्च कोणाचा, ऑपरेशननंतरचा फिजिओ किती महिने आणि कोणाच्या पैशानं, आणि त्या काळात पगार चालू राहणार का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे सगळ्यात जास्त घुटमळतात.

आणि शिक्षण सोडू नका. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं, दोन ऑपरेशनांनंतर परत पहिल्या बाकावर जाऊन बसावं लागलं, मग बीपीएड. थायलंडविरुद्ध जुलै २०२५ मध्ये दोन गोल मारून भारताला आशिया कपला नेणारी संगीता बासफोर मधल्या फळीतलीच, ती सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. इंदुमती कथिरेसन तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक आहे. आपल्याकडं सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. माझी शालेय राज्य स्पर्धेची दोन प्रमाणपत्रं पुरात भिजली, त्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी वर्षभर फिरले. स्पर्धा संपली की त्याच आठवड्यात फाईलमध्ये.

त्या पोरीची ट्रायल चुकली. एमआरआयमध्ये लिगामेंट शाबूत निघाला, गादीला बारीक चीर होती, बारा आठवड्यांत ती परत धावायला लागली. मधले काही आठवडे ती माझ्याशी बोलत नव्हती. यंदा दुसऱ्या एका क्लबनं तिला निवडलं आणि परवा कराराचे फोटो तिनं मला पाठवले. पहिलं पान, दुसरं पान. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलंय, उपचारांबाबतच्या अटी पुढील पानावर. पुढचं पान नव्हतं. तिचे वडील म्हणाले, "ताई, उद्या सही करायला बोलावलंय, विचारलं तर नाराज होतील का?" मी त्यांना तिथंच बसवून क्लबला ईमेल लिहायला लावला, चार ओळींचा, मराठीतून विचार करून इंग्रजीत. तिसरं पान अजून आलेलं नाही. सहीही झालेली नाही.