श्रान्त पेशी आणि शिथिलक औषधे

गुरुपौर्णिमेनंतर दहीहंडीचा सराव सुरू झाला की घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील चिकित्सालयांत खांदे व पोटऱ्या धरून आलेले गोविंदा दिसू लागतात. पुष्कळ जण औषधविक्रेत्याकडून 'आखडल्याची' गोळी घेऊन त्याच रात्री पुन्हा थरांत उभे राहतात. श्रान्त पेशीवर या गोळीचा परिणाम निराळा होतो, इकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. (संहितांतील 'स्नायु' म्हणजे बंध, म्हणून येथे 'पेशी' हाच शब्द योजिला आहे.)

शस्त्रक्रियेच्या वेळी वापरली जाणारी क्युरारे वर्गातील औषधे चेता-पेशी संधीवरील ग्राहक अडवितात. सुमारे तीन-चतुर्थांश ग्राहक अडेपर्यंत एकेरी उद्दीपनाचा प्रतिसाद घटत नाही; उद्दीपने वेगाने दिली की मात्र आकुंचन क्रमाने क्षीण होते. विश्रांत पेशीत झाकलेला परिणाम काम करणाऱ्या पेशीत असा उघड होतो.

टिझॅनिडीन, क्लोरझॉक्साझोन यांचे कार्यस्थान पेशी नसून मज्जारज्जू व मेंदू होय. थकलेल्या पेशीस तोच भार पेलण्यासाठी अधिक चेतना लागते आणि गोळी नेमकी तीच घटविते. अंथरुणावरील रुग्णास त्याने आराम पडेल. तळाच्या थरातील गोविंदाचा गुडघा लचकल्यास वरचे सर्व थर कोसळतील. शिवाय टिझॅनिडीन रक्तदाब उतरविते. घामाने शोषलेल्या किंवा सर्पगंधा घेणाऱ्या रुग्णास भोवळ येण्याचा धोका त्यामुळे वाढतो. कुचला मज्जारज्जूची उत्तेज्यता वाढवितो. तो शिथिलकासोबत देणे म्हणजे एका हाताने सोडून दुसऱ्याने आवळणे.

थायोकोल्चिकोसाइड हे आपल्या लांगलीतील, म्हणजे कळलावीतील, घटकापासून बनते. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये त्याची तोंडावाटे मात्रा १२ तासांनी ८ मि.ग्रॅ. व मुदत ७ दिवस अशी मर्यादित केली. गर्भिणीस ते वर्ज्य ठरविले. लांगलीस उपविष मानून गोमूत्रात शोधन करणाऱ्या आपण हीच गोळी चिठ्ठीवाचून द्यावी, हे आम्हास विसंगत वाटते.

रुग्णास प्रथम विचारावे: श्रम केव्हा झाले, पुढचा सराव केव्हा? केवळ श्रमजन्य वेदना असल्यास तैलाभ्यंग, मृदु स्वेद, विश्रांती आणि चरकोक्त श्रमहर गणातील द्राक्षा, खर्जूर, दाडिम यांची योजना पुरेशी होते. खरा आकस असेल तर शिथिलक रात्री द्यावे आणि सराव थांबवावा. अतिश्रमानंतर मूत्र गडद तपकिरी दिसल्यास मात्र कोणतीही गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.