जुन्या खिडकीची मूठ

आमच्या शाळेची जुनी खिडकी वरच्या बिजागरीवर टांगलेली. मूठ फिरवली, की झडप बाहेर उघडायची. एके दिवशी मूठ फिरे, पण झडप हलेना. आम्ही अंदाजाने नवे यंत्र आणले. ते बसलेच नाही. पैसे गेले. वर पावसाने मुलांच्या वह्या भिजल्या.

तेव्हा आम्ही शिकलो. आधी मूठ काढून पाहावी. तिचे भोक झिजले असेल, तर नुसती मूठ बदलावी. आतल्या चाकाचे दाते झिजले असतील, तर यंत्रच बदलावे. झडपेला टेकू देऊन जुने यंत्र काढावे. स्क्रूच्या भोकांमधले अंतर व दांड्यांची लांबी मोजून लिहावी. यंत्रावर आकडा कोरलेला असेल, तर तोही उतरवावा. जुने यंत्र दुकानात सोबत न्यावे.

आता आपल्याला लिहिता-वाचता येते. मग अंदाज कशाला?