सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं तर...

पनवेलच्या आमच्या वसाहतीत सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं, असा उपक्रम आम्ही काही शेजारी चालवतो. सिॲटलमध्ये ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी 1998 साली अख्ख्या शहरासाठी असा प्रयोग केला, 2001 मध्ये शिकागोने तो उचलला. पण इथल्या गावांतला हरिनाम सप्ताह ज्याने पाहिलाय, त्याला यात नवल वाटणार नाही. ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवस, आणि सगळं गाव मांडवात. आम्ही साने गुरुजींचं 'श्यामची आई' घेतलं. त्यातून कळलेल्या या गोष्टी.

1. ज्यावर वाद होईल असं पुस्तक घ्या. 'श्यामची आई'वर काय वाद होणार, असं अनेकांना वाटलं होतं. मग पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिमटीने मारते, ती रात्र आली. "बरोबर केलं तिनं," एक आजी म्हणाल्या. "मुलाला मारून शिकवायचं? मला नाही पटत," शेजारच्या सूनबाई तिथल्या तिथे बोलल्या. सतरंज्या गुंडाळून झाल्या तरी बोलणं थांबेना.

2. पान नंबर सांगू नका. साने गुरुजी 1950 मध्ये गेले. साठ वर्षांनी पुस्तकाचे हक्क खुले झाले आणि कितीतरी प्रकाशकांच्या आवृत्त्या निघाल्या. एकाचं पान दुसऱ्याशी जुळत नाही. पुस्तक 42 रात्रींत विभागलेलंच आहे, तेव्हा 'अळणी भाजीची रात्र' म्हटलं की काम होतं.

3. ऐकणाऱ्यांना मानाची जागा द्या. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सप्ताहातल्या पारायणात व्यासपीठचालक लय धरतो, वाचक पोथी उघडून बसतात आणि मागे श्रोते असतात. त्यातल्या कित्येकांना अक्षरओळख नसते, तरी त्यांना कुणी कमी लेखत नाही. वसाहतीतही वॉचमनकाका असतात, मोतीबिंदू झालेले आजोबा असतात, देवनागरी वाचताना अडखळणारी इंग्रजी माध्यमातली मुलं असतात. म्हणून आम्ही मोठ्याने वाचतो, तेही रात्री साडेनऊनंतर. सीएसएमटीहून पनवेलला यायला हार्बर लोकलला सव्वा-दीड तास लागतो, माणसांना घरी येऊन जेवायला तरी वेळ हवा.

'अळणी भाजी' वाचली त्या रात्री दोन-तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या एक ताई मागे बसल्या होत्या. भाजीत मीठ नाही हे कळूनही श्यामचे वडील काही बोलत नाहीत, त्याच्या आईला वाईट वाटू नये म्हणून निमूट जेवतात. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं मीठ कमी पडलं तर ताट भिरकावतात." कुणालाच काही सुचेना. शेवटी एक आजोबा हळूच म्हणाले, "मीही भिरकावलंय." पुढच्या वेळी त्या ताई आणखी दोघींना घेऊन आल्या.

4. प्रती फुकट वाटू नका. प्रती फिरत्या ठेवा, आत कागद चिकटवा आणि ज्याने वाचली त्याने त्यावर नाव लिहावं. कुणाकडून आपल्याकडे आली हे कळलं की बोलायला निमित्त मिळतं.

5. पाहुणा वक्ता आणायची घाई नको. तो आला की माणसं खुर्च्यांवर गप्प बसतात.

6. इथल्या माणसाला पुस्तकातलं काय लागेल, हे आधी ठरवू नका. कर्ज आणि जप्तीच्या रात्री वाचताना गृहकर्जाचा विषय निघेल असं वाटलं होतं, आणि निघालाही. पण खरं बोलले ते विमानतळासाठी उठलेल्या गावातले एक काका. मोबदला मिळाला, नवं घरही झालं. तरी मोजणीची माणसं ओटीवर टेप लावत होती तेव्हा आई आत चुलीपाशी बसून राहिली, बाहेर आलीच नाही, हे त्यांनी सांगितलं. सातारा, जळगावहून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या आम्हा मंडळींना, आपल्या इमारतींखाली कुणाची शेतं होती, हे त्या रात्री पहिल्यांदा कुणी समोर बसून सांगत होतं. त्यांनी गावाची, देवळाची, खाडीतल्या मासेमारीची माहिती दिली, आम्ही विचारत राहिलो. पुढचं पुस्तक निवडायला त्यांनाच बोलावलं आहे.