लाईट जाते, येते, पुन्हा जाते : ऑटो रिक्लोझर आणि रिले यांचा मेळ



पावसाळ्यात वारं सुटलं की लाईट जाते, दोन सेकंदांत येते, पुन्हा जाते. घरात कुणीतरी म्हणतंच, "हे लाईटवाले खेळतायत की काय?" खेळत कुणी नसतं. माझे काही जुने विद्यार्थी आता आयटीआयला वीजतंत्री आणि तारतंत्री करतायत, त्यांना हा भाग अवघड जातो. म्हणून आजचा पाठ त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरावरून लाईन जाते त्या सगळ्यांसाठी.

उपकेंद्रात 33 केव्हीची वीज 11 केव्ही होते आणि फीडरवरून गावोगावच्या डीपीपर्यंत पोचते. वाटेतल्या तारा उघड्या असतात. फांदी घासते, तारा झुलून एकमेकींना लागतात, पक्षी बसतो. अशा वेळी हवेतूनच ठिणगीची कमान पेटते आणि प्रचंड करंट वाहतो. पण पुरवठा क्षणभर बंद केला की ही कमान विझते आणि हवा पुन्हा विद्युतरोधक होते. उघड्या लाईनवरचे साधारण दहापैकी सात-आठ दोष असे तात्पुरतेच असतात. मग तेवढ्यासाठी वायरमनने रात्री पावसात मैलभर चालत का जायचं? ऑटो रिक्लोझर हा खांबावरचा ब्रेकर स्वतःच उघडतो, थांबतो आणि पुन्हा लागतो. दोष गेला असेल तर काम झालं. नसेल तर ठरलेल्या वेळा, बहुधा तीन किंवा चार वेळा, उघडून तो कायमचा उघडा राहतो. याला लॉकआउट म्हणतात.

आता रिले. ब्रेकर हा हात, रिले हे डोकं. नेहमीच्या रिलेचा स्वभाव असा, की करंट जितका जास्त तितका निर्णय लवकर. स्टँडर्ड इन्व्हर्स वक्राचा रिले 0.1 टाइम सेटिंगवर ठेवला, तर सेटिंगच्या दुप्पट करंटला सुमारे 1 सेकंद घेतो, दहापटीला सुमारे 0.3 सेकंद. दोषाच्या जवळचं उपकरण आधी सुटायला हवं, उपकेंद्रातलं नंतर. दोघांत साधारण 0.3 ते 0.4 सेकंदांचं अंतर ठेवतात, कारण ब्रेकर उघडायलाही वेळ लागतो आणि रिलेही थोडा चुकतो. मागचा आधी सुटला तर एका वस्तीच्या फांदीपायी दहा गावं अंधारात!

फ्यूजचं गणित मात्र गमतीचं आहे. रिक्लोझरच्या पुढे फाट्यावर फ्यूज असतो. रिक्लोझरच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या मुद्दाम झटपट ठेवतात, म्हणजे फ्यूज वितळण्याआधीच लाईन बंद होते आणि तात्पुरत्या दोषात फ्यूज वाचतो. नंतरच्या फेऱ्या संथ. दोष कायमचा असेल तर त्या संथ फेरीत फ्यूज उडतो, फक्त तो फाटा तुटतो, बाकीच्यांची लाईट राहते. इथे एक लक्षात ठेवा : पहिल्या फेरीत तापलेला फ्यूज दुसऱ्या फेरीपर्यंत पूर्ण निवत नाही, म्हणून झटपट फेरी आणि फ्यूज यांत भरपूर अंतर लागतं.

आता परीक्षेत मुलं जिथे हमखास अडकतात तो मुद्दा. उपकेंद्रात जुना चकतीचा रिले आहे असं समजा. फॉल्ट करंट गेला की चकती फिरते, करंट थांबला की स्प्रिंग तिला हळूहळू मागे आणते. उदाहरणासाठी आकडे घेऊ. त्या करंटला रिलेला 0.9 सेकंद लागतात, रिक्लोझरची संथ फेरी 0.5 सेकंदाची. वरवर 0.4 सेकंदांचं अंतर आहे, छान! पण पहिल्या संथ फेरीत चकती सुमारे 56 टक्के पुढे गेली. शेवटापासून पूर्ण मागे यायला तिला 10 सेकंद लागत असतील आणि रिक्लोझर 1 सेकंदच थांबत असेल, तर ती फक्त 10 टक्के मागे येते. उरले 46. दुसऱ्या संथ फेरीत आणखी 56. झाले 102! म्हणजे रिक्लोझर नीट काम करत असतानाही अख्खा फीडर ट्रिप. थांबण्याची वेळ 2 सेकंद केली तर बेरीज सुमारे 91 येते, तीही काठावरचीच. (दोन झटपट फेऱ्या मी सोडून दिल्या, कारण त्यांतली हालचाल किरकोळ असते.) नवीन न्यूमरिकल रिलेत चकतीच नसते आणि तो लगेच शून्यावर येईल असं सेट करता येतं, पण ते सेटिंग कुणीतरी बघावं लागतं.

जमिनीखालच्या केबलवर मात्र रिक्लोझिंग सहसा ठेवत नाहीत. केबलचा दोष आपोआप बरा होत नाही, पुन्हा पुन्हा वीज सोडली तर तो वाढतो. आणि चालू लाईनवर माणूस काम करत असेल तर आधी ऑटो बंद करायचं, मग कामाला हात. या नियमात मी तरी कुणाला सूट देणार नाही.

तार तुटून खाली पडली असेल तेव्हा काय? लाईट गेली म्हणून तार मेली असं समजू नका. रिक्लोझर पुढच्या दोन सेकंदांत तिच्यात वीज सोडू शकतो. दुसरा धोका याहून वाईट आहे. कोरड्या मातीवर किंवा डांबरावर पडलेल्या तारेतून करंट इतका कमी जातो, की रिलेला तो शेतातल्या मोटारींच्या लोडसारखाच वाटतो. मग कुणीच ट्रिप होत नाही आणि तार जिवंतच पडून राहते. किमान 10 मीटर लांब राहा, गुरांना आणि पोरांना जवळ जाऊ देऊ नका, 1912 वर फोन करा. काठीने बाजूला सारायला जाऊ नका, ओली काठी वीज वाहून नेते.

स्वाध्याय : वरच्या उदाहरणात रिक्लोझर 5 सेकंद थांबला तर चकती किती टक्क्यांपर्यंत जाईल? वहीत मांडा. उत्तर 61 च्या आसपास यायला हवं.