शिवराई पारखतांना

तोरण्याच्या पायथ्याकडील एका गांवाहून येणाऱ्या विद्यार्थ्यानें मागील सहामाहींत वर्गांत एक शिवराई आणिली. ती आजीच्या देव्हाऱ्यांतली. शाळेंत दाखवावयाची म्हणून चिंच व राख लावून त्यानें ती नव्या तांब्यासारखी लखलखीत केली होती. मुलाचा चेहरा नाण्याहूनहि उजळला होता. आम्हांस मात्र काय बोलावें हें सुचेना.

शिवराई हें इ. स. १६७४ मधील राज्याभिषेकानंतर पाडलें गेलेलें तांब्याचें नाणें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’ व भोंवतीं ठिपक्यांचें वर्तुळ. पुढें पेशवाईंतहि हाच मजकूर घेऊन शिवराया पडत राहिल्या. म्हणून केवळ मजकुरावरून प्रत्येक नाणें महाराजांच्या काळचें मानूं नये.

नाण्याची स्थिति ठरवितांना पहिला प्रश्न असा कीं, जें अक्षर दिसत नाहीं तें झिजलें, कीं मुळांत उमटलेंच नव्हतें? तांब्याची चकती दोन ठशांमध्यें ठेवून वरून हातोड्याचा घाव घालीत. ठसा बहुधा चकतीहून मोठा असे. चकती जरा सरकली कीं एखादें अक्षर बाहेर राही. हा टांकसाळीचा दोष, झीज नव्हे. झीज पाहावयाची ती उरलेल्या अक्षरांच्या उंचीवरून. खिडकीशीं नाणें तिरपें धरून उजेड एका बाजूनें येऊं द्यावा. हातोहात फिरलेल्या नाण्याचीं अक्षरें माथ्यावर सपाट झालेलीं दिसतात. नव्या ओरखड्याच्या कडा तीक्ष्ण व आंतील तांबें उजळ असतें. ओतीव नकली नाण्यावर बारीक छिद्रें व बोथट अक्षरें आढळतात. गळ्यांत घालण्यासाठीं पाडलेलें भोंक संग्राहक दोष मानतात. आमच्या मतें तोहि त्या नाण्याचा इतिहासच.

तांब्यावर कालांतरानें बसणारा तपकिरी किंवा हिरवट, कठीण थर हें नाण्याचें कवच होय. भुकटीसारखा गळणारा फिकट हिरवा डाग मात्र रोग समजावा. क्षार व ओलावा मिळून तो धातु खात जातो. भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यांत असें नाणें कोरडें व इतरांपासून वेगळें ठेवावें. चिंचेचें आम्ल मळाबरोबर कवचहि नेतें, राख अक्षरांच्या कडा खरवडते. शेतांत ठेवा सांपडल्यास तर हात आवरावाच. १८७८ च्या निखात निधि कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो.

“गुरुजी, आतां हिची किंमत गेली का?” त्यानें विचारलें. संग्राहकाच्या लेखीं कमी झाली, हें खरें तें सांगावें लागलें. तो क्षणभर गप्प राहिला. मग कोऱ्या कागदाच्या पुडींत बांधून त्यानें ती आजीकडे परत नेली.